रेस दिली की गाडी थरथरते, पण नक्की काय थरथरतंय?

डिझेल गाडी थोडीफार थरथरणारच, ते धरूनच चालायचं. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण दहा-अकरा पटीने दाबलं जातं, डिझेलमध्ये नुसती हवाच सोळा-अठरा पटीने दाबतात आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं, म्हणून प्रत्येक दणका जोरात बसतो. पण उभी असताना नीट चालणारी गाडी रेस दिल्यावरच थरथरायला लागली आणि पाय काढला की एकदम गप्प, तर ते नेहमीचं नाही. इथे बरेच जण पहिले टायरवाल्याकडे जातात, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतात, बिल भरतात आणि थरथर जशीच्या तशी.

मला विचाराल तर पाना हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट शोधायची, ही थरथर कोणाच्या मागे चाललीय? इंजिनच्या आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला किती फेरे), चाकाच्या स्पीडच्या, की इंजिन लावतंय त्या जोराच्या?

आपल्याकडे सेकंडहँडमध्ये अजून ढिगाने फिरणारं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या, स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा सगळ्यांत होतं ते. चार सिलेंडर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट. 1500 आरपीएमला सेकंदाला 25 फेरे, म्हणजे 50 दणके, ते इतके जवळजवळ येतात की सीटवर फक्त बारीक गुणगुण लागते. डिझेल फवारणारं एक नोझल नीट मारत नसेल तर दर दोन फेऱ्यांत एक दणका कमी पडतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा खड्डा, आणि हे असं जाड हलणं मात्र अंगाला लगेच कळतं. (शेव्हरोले बीटसारख्या तीन सिलेंडरच्या डिझेलला मुळातच जास्त हलायची सवय, तिला चारच्या मापाने मोजू नका.) चाकाचं गणित वेगळं. 185/65 आर15 टायरचा घेर साधारण 1.95 मीटर, म्हणजे ताशी 90 ला चाक सेकंदाला तेराएक फेरे मारतं. बॅलन्सिंग गेलं असेल तर स्टिअरिंग त्याच तालावर हलणार, रेस द्या नाहीतर सोडा.

आता मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 ला पाचव्या गिअरला चालवा, मग तोच स्पीड ठेवून चौथा टाका. आरपीएम बदलला पण थरथर तशीच राहिली तर चाक-टायरकडे बघा, थरथर बदलली तर इंजिनकडे. आणि दोन्ही गिअरला रेस दाबली की येते, सोडली की जाते असं असेल तर तिसरा प्रकार, जोराच्या मागे चालणारी. गंमत तिथेच आहे.

त्याआधी एक सांगतो, पाचव्या गिअरला ताशी 40 ला असताना पाय दाबून गाडी धडधडली तर ती तुमची चूक आहे, गाडीची नाही. एवढ्या खाली टर्बोने दमच धरलेला नसतो, दणके लांबलांब पडतात. गिअर खाली घ्या, खर्च शून्य.

जोराच्या मागे चालणाऱ्या थरथरीत पहिलं बघायचं माउंटिंग, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी आधार. बरेच मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात, ते आडव्या बसवलेल्या इंजिनला बहुतेक तीन असतात. रेस दिली की इंजिन उलट्या बाजूला वळायला बघतं आणि रबर त्याला धरून ठेवतं. रबर फाटलं असेल, किंवा वरून डिझेल-ऑइल गळून फुगलं असेल, तर धातूला धातू टेकतो आणि सगळी थरथर बॉडीत उतरते. न्यूट्रलला रेस देऊन हे पूर्ण कळत नाही, कारण तेव्हा इंजिनवर ओझंच नसतं. बॉनेट उघडून, समोर कोणी नसताना, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून पहिल्या गिअरला क्लच जरासा सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचकतंय ते बघायचं. मग रिव्हर्सला तसंच. एक-दोन क्षणच हं, क्लच जाळू नका.

आणि आता तो भाग जो सगळ्यात जास्त वेळा सुटतो, ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट गेला की वळताना कट-कट आवाज येतो म्हणून तो सगळ्यांना माहीत. आतला, गिअरबॉक्सकडचा, बहुतेक तीन रोलरवाला असतो, तीन रोलर तीन खाचांमध्ये सरकतात. शाफ्ट तिरका असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोलर आत-बाहेर जातो. त्यात इंजिनचा जोर रोलरला खाचेच्या भिंतीवर दाबून धरतो, आणि भिंत झिजून तिथे खळगे पडले असतील किंवा ग्रीस सुकलं असेल तर रोलर सरकण्याऐवजी अडकत अडकत जातो आणि शाफ्टला बाजूला ढकलतो, एका फेऱ्यात तीन वेळा. ताशी 60 ला चाकाचे साडेआठ फेरे, म्हणजे सेकंदाला पंचवीस-सव्वीस ढकल्या, आणि गाडीचं नाक डावी-उजवीकडे थरथरतं. पाय काढला की दाब गेला, थरथर गेली. खालच्या गिअरला जास्त जाणवतं कारण मल्टिजेटच्या 75 पीएसवाल्या इंजिनाचा 190 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) पहिल्या गिअरला चाकापर्यंत जाताना दहा पटीहून जास्त होतो. शिवाय जोरात रेस दिली की नाक उचलतं, शाफ्ट अजून तिरका होतो. म्हणूनच चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना हे जे वागतं ते सपाट रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हला दिसतच नाही, आणि मिस्त्री म्हणतो गाडी एकदम ओके आहे. खाली वाकून आतल्या जॉइंटच्या बूटवर (ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी टोपणावर) टॉर्च मारा, चीर असेल तर भोवताली काळं ग्रीस गोल उडालेलं दिसतं. पण बूट चांगला आहे म्हणजे आतले खळगे नाहीत असं नव्हे.

फक्त गाडी उचलताना, हाफ क्लचला थरथरत असेल तर क्लच प्लेट-प्रेशर प्लेट बघा. दोन तुकड्यांचं फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) असेल आणि इंजिन बंद करताना खडखडत असेल तर त्याच्या आतल्या स्प्रिंगा थकल्यात.

बोलेरो-सुमोसारख्या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांना हे आतले रोलर नसतात, तिथे प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस (टोकांचे वाकणारे जोड) आणि मधे त्याला आधार देणारं सेंटर बेअरिंग तपासायचं. तिरक्या क्रॉसमधून फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते भरून काढतो, पण दोघं एका रेषेत बसवले असतील तरच. त्यामुळे शाफ्ट खोलताना सरकत्या जोडावर दोन्ही बाजूंना रंगाची खूण करून घ्या, नाहीतर नवे क्रॉस टाकूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरत गॅरेजबाहेर येते.