शस्त्रसंधीनंतर उरणारे युद्ध

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धात लढलेल्या सैनिकाच्या नावे दिले जाणारे शेवटचे निवृत्तिवेतन मात्र थांबले ते २०२० मध्ये. सैनिकाला उतारवयात झालेल्या मुलीला दरमहा सुमारे ७३ डॉलर मिळत असत आणि तिच्या निधनानंतरच ते खाते बंद झाले. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईवरचा खर्च १९६९ मध्ये, म्हणजे तोफा थंडावल्यानंतर पन्नास वर्षांनी, कळसाला पोहोचला, कारण तरुणपणी अंगावर काढलेली दुखापत म्हातारपणी उसळी मारते. ब्रिटनने दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फेडला. युद्धाचा खर्च सांगताना रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांच्या किमती सांगितल्या जातात. हे पुढचे हप्ते त्यात क्वचितच धरले जातात.

युद्ध म्हटले की डोळ्यांसमोर ढिगारे येतात. पण ज्या हानीची छायाचित्रे सर्वाधिक निघतात, तीच बहुधा सर्वांत लवकर भरून निघते. बॉम्बवर्षावात होरपळलेल्या जपानी शहरांच्या लोकसंख्येचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनी केला, तेव्हा बहुतेक शहरे पंधरा-वीस वर्षांत आपल्या युद्धपूर्व वाढीच्या रेषेवर परतल्याचे दिसले. हिरोशिमालाही त्यासाठी साधारण तीस वर्षे पुरली. व्हिएतनामच्या ज्या जिल्ह्यांवर अमेरिकेने सर्वाधिक बॉम्ब टाकले, तेथील गरिबी आणि साक्षरता काही दशकांनंतर इतर जिल्ह्यांहून फारशी वेगळी राहिली नव्हती. बंदर, नदी, रस्त्यांचे जाळे आणि हाताला येणारे कसब शिल्लक असेल, तर भिंती पुन्हा उभ्या राहतात. एखाद्या भागाची सरासरी सावरली म्हणजे तिथली माणसे सावरली, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये.

माणसांच्या शरीरात युद्ध किती खोल जाते, हे विज्ञानाला सर्वांत स्पष्टपणे कळले ते नेदरलँड्समध्ये. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त फौजांना मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला. त्याचा सूड म्हणून देशाचा ताबा घेतलेल्या जर्मन प्रशासनाने पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारे अन्न अडवले, आणि नंतर निर्बंध सैल झाले तेव्हा कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस रोजचा शिधा हजार उष्मांकांच्या खाली गेला आणि पुढे कित्येक आठवडे त्याच्या निम्म्यावर घुटमळत राहिला. लोकांनी शुगर बीट शिजवून खाल्ले, ट्यूलिपचे कंद खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत सुमारे २०,००० माणसे दगावली होती.

संशोधकांच्या दृष्टीने या उपासमारीचे वेगळेपण असे, की तिला ठळक सुरुवात आणि ठळक शेवट होता. आधी लोक बऱ्यापैकी खाऊनपिऊन होते आणि नंतरही अन्न लवकर मिळू लागले. शिवाय शिध्याच्या आणि जन्मांच्या नोंदी टिकून होत्या. त्यामुळे एखादे मूल गर्भात असताना नेमक्या कोणत्या महिन्यात आईच्या पोटात अन्न नव्हते, हे सांगता येत होते. सुमारे तीन लाख डच तरुणांच्या लष्करी भरतीच्या नोंदी तपासल्यावर १९७६ मध्ये एक चकित करणारी गोष्ट पुढे आली: गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार सोसलेल्यांमध्ये लठ्ठपणा जास्त होता, तर अखेरच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच ती सोसलेल्यांमध्ये तो कमी होता. पुढच्या अभ्यासांत अशा गर्भांतून वाढलेल्या व्यक्तींमध्ये रक्तातील साखरेचे विकार अधिक आढळले, आणि स्किझोफ्रेनियाचा धोकाही सुमारे दुप्पट दिसला.

हे घडते कसे, याचा एक धागा २००८ मध्ये हाती लागला. जनुकांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. जनुकाची अक्षरे त्यांच्यामुळे बदलत नाहीत, पण ते जनुक किती जोमाने काम करील हे ठरण्यात त्यांचा वाटा असतो. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्या व्यक्तींची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली, तेव्हा वाढीशी संबंधित असलेल्या एका जनुकावरचे हे गट त्यांच्यात कमी आढळले, तेही सहा दशकांनंतर. हा फरक छोटा होता आणि त्याच्यामुळेच पुढचे आजार झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ज्यांनी युद्ध डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते, त्यांच्या पेशींत त्याची खूण साठ वर्षे टिकली होती, हे वाचताना मन सुन्न होते.

याच हिवाळ्यात एका डच बालरोगतज्ज्ञाला उलट दिशेचा पुरावा मिळाला. सीलिअ‍ॅक या पचनाच्या आजाराने खंगलेल्या मुलांना गव्हाचा त्रास होत असावा, असा विलेम डिके यांचा आधीपासून कयास होता. पाव मिळेनासा झाला तेव्हा ती मुले सुधारली आणि पाव परतला तशी पुन्हा आजारी पडली. आज या आजारात गहू वर्ज्य करतात, त्यामागे हे निरीक्षण आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी रशियातील लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात गर्भात असलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा मात्र साखरेच्या विकारांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. वेढा उठल्यावरही तिथे अन्न बराच काळ तुटपुंजेच राहिले. उपासमारीची सवय लागलेल्या शरीराला एकाएकी मुबलक अन्न मिळाले तरच गणित बिघडते, असा एक अंदाज यावरून बांधला जातो.

जे जन्मलेच नाहीत, त्यांचाही परिणाम मोजता येतो. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत फ्रान्समधील जन्म जवळपास निम्म्यावर आले आणि वयानुसार थर रचून काढलेल्या लोकसंख्येच्या मनोऱ्याला तिथे खोल खाच पडली. ही खाच दरवर्षी एकेक पायरी वर सरकत राहिली. १९३० च्या दशकाच्या मध्यास ती सैन्यभरतीच्या वयाला पोहोचली, तेव्हा भरतीसाठी तरुणच पुरेनात आणि १९३५ मध्ये फ्रान्सला सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ दोन वर्षांचा करावा लागला. म्हणजे आधीच्या युद्धातील न झालेली बाळे पुढच्या युद्धाच्या तोंडावर कमी पडली. सोव्हिएत संघाच्या १९५९ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे दोन कोटींनी अधिक होत्या. एका पिढीच्या स्त्रियांनी शेती, कारखाने आणि घरे एकटीने चालवली, हे त्या एका आकड्यात सामावले आहे.

जमिनीची स्मृती आणखी चिवट आहे. फ्रान्समधील व्हर्दं शहराजवळच्या जंगलात १९२० च्या दशकात रासायनिक तोफगोळे जाळून नष्ट करण्यात आले. त्या जागेच्या मातीत अलीकडे वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक आढळले असून तिथे एक काटक गवत, शेवाळ आणि दगडफूल एवढेच काय ते तग धरून आहे.

लाओसमध्ये तर हा प्रश्न लोकांच्या अंगणात आहे. व्हिएतनाम युद्धादरम्यान, १९६४ ते १९७३ या काळात, अमेरिकेने या छोट्या देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे सुमारे २७ कोटी लहान बॉम्ब होते आणि त्यांतील अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. टेनिसच्या चेंडूएवढा हा गोळा मुलांना खेळणे वाटतो, शेतकऱ्याच्या कुदळीखाली येतो, आणि वरच्या मातीवर स्वयंपाकासाठी पेटवलेल्या जाळाच्या उष्णतेनेही फुटतो. युद्ध थांबल्यापासून तिथे २०,००० हून अधिक माणसे अशा स्फोटांत मृत्युमुखी पडली किंवा जखमी झाली. भात लावण्याजोगी जमीन समोर असूनही ती खणण्याची भीती वाटते, हे तिथल्या गरिबीचे एक ठोस कारण आहे. सफाई करणारी पथके, ज्यांत स्थानिक स्त्रियाही मोठ्या संख्येने असतात, दोऱ्या बांधून जमिनीचे पट्टे आखतात आणि धातुशोधक यंत्र संथपणे फिरवत पुढे सरकतात. यंत्र वाजले की गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरायची. बहुतेक वेळा निघतो तो निरुपद्रवी लोखंडी तुकडा. तरी पुढच्या आवाजाला पुन्हा तितक्याच सावकाशीने खणावे लागते.