मिनिमम ड्यू भरला की व्याज लागत नाही? लागतं बाबांनो

आमच्या सिडकोतल्या कट्ट्यावर हे कितीतरी वर्षं ऐकतोय, "क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू (म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम) भरला ना, मग टेन्शन नाही." मीपण तेच धरून चाललो होतो. साफ चूक आहे ते. मिनिमम भरला की फक्त लेट फी वाचते आणि हप्ता थकल्याची नोंद होत नाही, व्याज मात्र लागतंच, आणि तेही ड्यू डेटपासून नाही तर खरेदी केली त्या तारखेपासून.

हिशोब बघा. समजा 20,000 बाकी, मिनिमम 5 टक्के म्हणजे 1,000. व्याज महिन्याला 3.5 टक्के धरलं तर 700, त्यावर 18 टक्के जीएसटी 126. म्हणजे हजारातले 174 रुपयेच मुद्दलात गेले! वर जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही एरवी ड्यू डेटपर्यंत मिळणारे बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, काल कॉलेज रोडला घेतलेल्या शर्टाचं मीटर कालपासूनच चालू.

बाकी राहूच नये म्हणून मी आता टपरीवरच्या चहापासून सगळा खर्च पोराच्या अर्धवट राहिलेल्या वहीत लिहितो, रात्री यूपीआयची हिस्ट्री उघडून. मला वाटायचं रविवारची मिसळ महागात पडते, पण वहीत बघितलं तर खरा खड्डा रात्री अकराला अंथरुणात पडून केलेल्या ऑर्डरींचा होता (त्यात एक मोबाईल स्टँड, दुसऱ्यांदा!). आता वस्तू कार्टमध्ये टाकून दोन दिवस तशीच ठेवतो, निम्म्या तर आठवतही नाहीत.