ग्रामपंचायतीचं अपील आणि तारण: ‘आम्ही सरकार’ म्हणून सूट मिळते का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका ग्रामपंचायतीत भर दुपारी कोर्टाचा बेलीफ आला आणि खुर्च्या, कपाट, कॉम्प्युटर यांची यादी करायला बसला. ठेकेदाराचं बिल थकलं होतं आणि त्याच्या बाजूने हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा निवाडा, झाला होता. अध्यक्षांचा मला फोन आला, “अहो, आम्ही अपील घातलंय की! आणि आम्हाला कसलं तारण? पंचायत म्हणजे सरकारच की हो.” या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत गावाला मोजावी लागते.

नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ४१, नियम ५ हे स्पष्ट सांगतो. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो. तो विनाविलंब केलेला असावा, स्थगिती न मिळाल्यास मोठं नुकसान होईल हे दाखवावं लागतं आणि तारण, म्हणजे अपील हरलो तर पैसे मिळतील याची हमी, द्यावं लागतं. हुकूमनामा पैशाचा असेल तर त्याच आदेशातल्या नियम १(३) प्रमाणे वादातली रक्कम भरणं किंवा कोर्ट सांगेल ते तारण देणं आलं. ते न केल्यास अपील तेवढ्याने फेटाळलं जात नाही, पण स्थगिती मिळत नाही.

तारणातून सूट आहे, पण ती आदेश २७, नियम ८-अ मध्ये आणि ‘सरकार’साठी. पुढचाच नियम ८-ब सरकार म्हणजे कोण ते सांगतो: केंद्र सरकार आणि राज्य सरकार. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका त्यात येत नाहीत. त्या कायद्याने स्वतंत्र संस्था आहेत. कलम ८२ प्रमाणे राज्य सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने थांबते, ती मुभाही पंचायतीला नाही. माझ्या मते निदान लहान पंचायतींना तरी ही सूट मिळायला हवी, कारण वर्षाच्या घरपट्टीएवढी रक्कम कोर्टात अडकली की नळपाणी आणि दिवाबत्ती अडतेच. पण समोर दोन-दोन वर्षं बिलासाठी हेलपाटे घालणारा माणूसही असतो, हे विसरता येत नाही.

मग पंचायतीने काय करावं? निकालाच्या दिवशीच त्याच्या प्रतीसाठी नक्कल अर्ज द्या. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नकलेला लागलेले दिवस यातून वजा होतात. बेळगाव जिल्ह्याचं उच्च न्यायालयातलं काम धारवाड खंडपीठात चालतं. कुठल्या कोर्टात जायचं ते दाव्याच्या किमतीवर ठरतं, ते वकिलांना विचारा. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि कोर्ट अपील ऐकायचं ठरवेपर्यंत स्थगितीही मिळत नाही.

कागद हे लागतात: निकाल व हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, अपील करण्याचा ठराव, वकीलपत्र, अपिलाचा मसुदा, कोर्ट फी, स्थगिती अर्ज आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र. ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. आपल्या भागातल्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती, सही करण्याआधी पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) तो मराठीत समजून घ्या. तारणाची रक्कम त्यात असू शकते.

तारण म्हणजे रोख भरणाच असं नाही. बँक हमीही चालू शकते. सूट नसली तरी कमी तारणाची विनंती करता येते. त्यासाठी वर्षाचं अंदाजपत्रक, बँक खात्यातली शिल्लक आणि कुठला निधी कशासाठी बांधलेला आहे ते कागदावर दाखवा. “आम्ही गरीब” एवढं म्हणून भागत नाही.

कचऱ्याच्या गाडीचा अपघात होऊन नुकसानभरपाई बसली असेल तर नियम वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे २५,००० रुपये किंवा मंजूर रकमेच्या ५० टक्के, यातली कमी असेल ती रक्कम भरल्याशिवाय उच्च न्यायालय अपील विचारात घेत नाही.

स्थगिती मिळाली की ती खालच्या कोर्टाला कळल्यापासून लागू होते. आदेशाची प्रत यायला वेळ लागणार असेल तर ज्याला तो आदेश स्वतः माहीत आहे अशा अपीलकर्त्याने तसं प्रतिज्ञापत्र खालच्या कोर्टात द्यावं. प्रत येईपर्यंत कोर्ट त्यावर चालतं. खानापूरच्या त्या पंचायतीत तर याच्याही आधीची पायरी राहिली होती. स्थगितीचा अर्जच दिलेला नव्हता, आणि बेलीफाच्या यादीवर ग्रामसभेच्या ध्वनिक्षेपकापर्यंत सगळं चढलं होतं.