एमडेनवर चेंपकरामन पिळ्ळै होते का?

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन युद्धनौका एमडेनने मद्रासवर तोफा डागल्या, बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. क्रांतिकारक चेंपकरामन पिळ्ळै या जहाजावर होते, नेम त्यांनीच दाखवला, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण ते चढले कुठून? एमडेन जुलैअखेर चीनमधल्या त्सिंगताओहून निघाली आणि ९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपाशी संपली. युरोपला गेलीच नाही. पिळ्ळै तेव्हा युरोपातच होते, आधी झुरिकला, मग बर्लिनला. बरं, वाटाड्याची गरजही नव्हती. कप्तान फॉन म्युलरने सर्चलाइट टाकून टाक्या हेरल्या. तीन धुरांड्यांच्या जहाजावर कॅनव्हासचं चौथं उभारून ब्रिटिशांना चकवणारा गडी तो! पिळ्ळैंचं बर्लिनमधलं भारताच्या स्वातंत्र्यासाठीचं काम खरं. ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.