जीके क्विझ (ठाणे-नवी मुंबई, नववी ते बारावी)

जीके क्विझ म्हणजे सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची स्पर्धा, आणि ही नोंद नववी ते बारावीच्या मुलांच्या क्विझची आहे, ठाणे आणि नवी मुंबईत ती जशी होते तशी. शाळेच्या फळ्यावर ‘प्रश्नमंजुषा’ लिहितात, कॉलेजच्या पोस्टरवर ‘क्विझ’, आणि मुलांच्या तोंडी दोन्हीकडे क्विझच. दोघा-तिघांची टीम, आधी वीस-पंचवीस प्रश्नांची लेखी प्रिलिम, त्यातून सहा ते आठ टीम स्टेजवर, मग तास-दीड तासाची फायनल. लहान मुलांच्या जीकेत राजधान्या, झेंडे, राष्ट्रीय पक्षी एवढ्यावर भागतं, पण या वयात मुलांकडे सायन्स, इतिहास, भूगोल असं बऱ्यापैकी सामान जमलेलं असतं, त्यामुळे प्रश्न ‘माहितीये का’ वरून ‘विचार करून काढता येतंय का’ वर नेता येतो, आणि माझ्या मते या क्विझची खरी मजा तिथेच आहे.

असल्या माहितीला इंग्रजीत ट्रिव्हिया म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या तीन रस्ते मिळतात त्या जागेच्या शब्दापर्यंत जातो, म्हणजे कोकणातला तिठाच. ठाण्याच्या मुलांना हे समजवायला तीन हात नाका पुरतो.

भारतात क्विझ रुजली ती कोलकात्यातून, १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी तिथे घेतलेली क्विझ देशातली पहिली खुली क्विझ मानतात. मग १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट, आधी हमीद सायानी आणि त्यांच्यानंतर अमीन सायानी, नव्वदच्या दशकात तीच टीव्हीवर डेरेक ओब्रायन यांच्यासोबत. मधे १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम आलं, तिथे कॉलेजच्या टीम असायच्या, आणि २००० च्या जुलैत कौन बनेगा करोडपती सुरू झाल्यावर तर घरातले सगळेच टीव्हीसमोर बसून उत्तरं द्यायला लागले. पण त्याने एक सवयही लावली, चार पर्यायांची. पर्याय दिले की मुलं बाद करत करत उत्तरावर येतात, ते वाईट नाही, पण स्टेजवरच्या क्विझमध्ये पर्याय नसतात आणि पहिल्यांदा आलेली मुलं तिथेच गांगरतात.

नियम थोडे समजून घ्यायला लागतात. जुनी पद्धत ‘डायरेक्ट आणि पास’ची, म्हणजे प्रत्येक टीमला ठरलेला प्रश्न, नाही आला तर पुढच्या टीमला पास. यात नशिबाचा भाग फार, एकाला सोपा प्रश्न, दुसऱ्याला अवघड, आणि कच्च्या टीमच्या शेजारी बसलात तर पासवर पॉइंट मिळत राहतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ‘बाउन्स’ खेळतात, ज्या टीमने उत्तर दिलं तिच्या पुढच्या टीमपासून नवा प्रश्न सुरू, आणि अर्ध्यावर आलं की दिशा उलटी, म्हणजे शेजाराचा फायदा-तोटा दोन्ही बाजूंना वाटला जातो. त्यावर ‘पाउन्स’. प्रश्न वाचून झाला की ज्याला खात्री आहे त्याने आपली पाळी येण्याआधीच चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, बरोबर असेल तर १० पॉइंट, चुकलं तर ५ वजा, आणि त्या प्रश्नापुरते तुम्ही बाउन्समधून बाहेर. आकडे आयोजकाप्रमाणे बदलतात, तत्त्व तेच. पाउन्स आला की मुलांना आपल्याला किती खात्री आहे याचा हिशोब करावा लागतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे शिकवणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. बझर राउंडला खरं बझर लागतं, पहिलं बटण दाबलं गेलं की बाकीची बंद पडतात तसलं. ते नसेल तर हात वर करायला सांगतात, मग आधी कुणाचा हात वर गेला यावर भांडणं ठरलेली, त्यापेक्षा तो राउंड लेखी घेतलेला बरा.

आता प्रश्न. ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कुठून कुठे धावली’ हा प्रश्न ठाण्यात विचारण्यात काही अर्थ नाही, स्टेशनवर येजा करणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साधारण ३४ किलोमीटर, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळं गाइडमध्ये छापलेलं असतं. पण तोच विषय फिरवून विचारा, की ही लाइन पहिल्या टप्प्यात ठाण्याला थांबली आणि कल्याणला पोचायला १८५४ उजाडलं, तर मधे काय बांधायला लागलं असेल? आता कळव्याकडे जाताना गाडीच्या खिडकीतून रोज खाडी बघणारा मुलगा तारखा न येताही ‘पूल’ म्हणतो, आणि म्हणाला की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठीच माणूस रात्री जागून प्रश्न काढतो.

असे प्रश्न आपल्या दोन शहरांत भरपूर पडलेत. थंडीपासून मे महिन्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, मराठीत रोहित किंवा अग्निपंख, २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं. वर्षं विचारू नका, असं विचारा की प्राणिसंग्रहालयात हे पक्षी फिके पडायला लागले तर डॉक्टरने आधी काय तपासावं? उत्तर त्यांचं खाणं, कारण गुलाबी रंग शेवाळातल्या आणि कोळंबीसारख्या जिवांतल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो, गाजराचा केशरी रंग ज्या कुटुंबातला तेच हे. बायोलॉजीच्या मुलाला यात धरायला काहीतरी मिळतं आणि खाडीकाठच्या नेरुळच्या मुलाला दुसरं काहीतरी.

कनेक्टचा प्रश्न, म्हणजे दोन-तीन गोष्टींमधला दुवा ओळखायचा, या वयाला सगळ्यात चांगला लागू पडतो. दक्षिण मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर आणि नवी मुंबईची कल्पना, दोन्हीत कोण? इंजिनिअर शिरीष पटेल. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडच्या शहराचा प्रस्ताव मांडला आणि १९७० मध्ये ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली. किंवा गाड्यांच्या नंबर प्लेट घ्या, एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ वाशी, ४६ पनवेल. आता विचारा की बेलापूर आणि खारघर शेजारी-शेजारी, दोन्हींना लोक नवी मुंबईच म्हणतात, मग एकीकडे ४३ आणि दुसरीकडे ४६ का, मधे कुठली हद्द आहे? बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये, हे तिथे राहणाऱ्या मुलांनाही बऱ्याचदा त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

खूप घासलेले प्रश्न टाळावेत, आणि चुकीच्या उत्तराचे प्रश्न तर टाळायलाच हवेत, त्यांचा मला मनापासून राग येतो कारण मुलं ती उत्तरं आयुष्यभर बरोबर घेऊन फिरतात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ म्हणून अजून विचारतात, सरकारने असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही. हिंदी राष्ट्रभाषा नाही, राज्यघटनेत ती संघराज्याची राजभाषा आहे. चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला हे फॉरवर्डमधून आलेलं आहे, असं काही झालेलं नाही. काही उत्तरं मात्र काळाने बदलतात, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर महाराष्ट्राचे जिल्हे ३५ चे ३६ झाले तरी जुनं गाइड घरात असतंच. म्हणून प्रत्येक प्रश्न दोन ठिकाणी तपासावा, त्यातलं एक तरी छापील असावं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, म्हणजे पुस्तक मिळालं नाही ही सबब चालत नाही.

वेळापत्रक साधं आहे. क्विझ गणपतीत सोसायटीच्या मांडवात होतात, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला होतात, गॅदरिंगला आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास होतात. अकरावी-बारावीची मुलं जेईई, नीट, सीईटीच्या क्लासमध्ये अडकलेली, त्यामुळे रविवारची दुपार सोडून बोलावू नका.

भाषेचं थोडं सविस्तर सांगायला हवं. एका शाळेतल्या फायनलला मी स्कोअर लिहायला बसले होते, प्रश्न झाडं अन्न कशी बनवतात त्याच्या आसपासचा होता, मराठी माध्यमाच्या मुलीने चटकन ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हटलं आणि क्विझमास्तरने ‘इंग्लिश टर्म हवी’ म्हणून पास केलं. पुढच्या टीमने ‘फोटोसिंथेसिस’ म्हणून १० पॉइंट घेतले. ती मुलगी पुढच्या तीन प्रश्नांना बोललीच नाही. तेव्हापासून मी प्रश्न काढते तेव्हा उत्तराच्या कागदावर दोन्ही भाषांतले शब्द आधीच लिहून ठेवते, पेशी आणि सेल, गुरुत्वाकर्षण आणि ग्रॅव्हिटी, विषुववृत्त आणि इक्वेटर, आणि प्रश्न स्क्रीनवर दोन्ही भाषांत दाखवते. हॉलीवूड आणि इंग्लिश फुटबॉलचे प्रश्न ठेवायला हरकत नाही पण मग तेवढेच संगीत नाटकाचे, कबड्डीचे आणि गड-किल्ल्यांचे असावेत. माणसांची नावं आडनावापुरती आली तरी पॉइंट द्यावेत, मात्र एकाच आडनावाची दोन माणसं त्या विषयात असतील तर पूर्ण नाव मागावं आणि हे प्रश्न वाचायच्या आधी सांगावं, उत्तर आल्यावर नाही.