एका जंगलाचे दोन हिशोब: साठ्याचा आणि परिसंस्थेचा

देशाच्या निसर्गसंपत्तीचा हिशोब ठेवायला हवा, असे आता सगळेच म्हणतात; पण त्या बोलण्यात दोन वेगळे हिशोब सर्रास एकच समजले जातात. एक साधनसंपत्तीच्या साठ्याचा आणि दुसरा परिसंस्थेचा, म्हणजे एखाद्या जागेतले सजीव आणि त्यांचा परिसर मिळून होणाऱ्या व्यवस्थेचा. पहिल्याची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये स्वीकारली, दुसऱ्याची मार्च २०२१ मध्ये. जंगल आणि पाणी दोन्हींत येत असल्यामुळे घोटाळा होतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाला हे दोन्ही हिशोब लावून पाहिले, की ते किती वेगळे आहेत हे कळते.

साठ्याचा हिशोब एकेक वस्तू सुटी करून मोजतो. खनिजे व ऊर्जास्रोत, जमीन, माती, लाकूड, मासे व इतर जलचर, उरलेली जैविक संपत्ती आणि पाणी, अशी सात खाती त्यात असतात. प्रत्येक खात्याची मांडणी सारखीच असते: वर्षाच्या आरंभीचा साठा, त्यात पडलेली भर, झालेली घट आणि अखेरचा साठा. लाकडाच्या खात्यात ऐन, किंदळ, साग यांचे घनमीटर येतात. झाडांची वाढ जमेला धरली जाते, तर तोड, वणवा आणि मर खर्ची पडते. बेळगाव जिल्ह्यातले बॉक्साइट याच हिशोबात बसते. त्याची नैसर्गिक भर माणसाच्या हयातीत होत नाही, म्हणून जमेची बाजू नवा साठा सापडला किंवा जुन्याचा अंदाज सुधारला तरच हलते. परिसंस्थेच्या हिशोबात बॉक्साइटला जागाच नाही, कारण ते आजच्या सजीव व्यवस्थेने दिलेले नाही.

परिसंस्थेचा हिशोब वस्तूपासून सुरू होत नाही, तो जागेपासून सुरू होतो. कणकुंबीच्या परिसरातला सदाहरित पट्टा झाडे, माती, ओढे आणि प्राण्यांसह एकच घटक धरला जातो, आणि त्याबद्दल क्रमाने विचारले जाते: क्षेत्र किती, प्रकृती कशी, आणि तो माणसांना काय पुरवतो? मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, खानापुरावरून पुढे सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात येते, आणि हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी तिथून जाते. पावसाळ्यात या जंगलात पडलेले पाणी पालापाचोळ्याच्या थरातून जमिनीत मुरते आणि झऱ्यांवाटे पुढेही हळूहळू नदीला मिळत राहते. हे मुरवण्याचे आणि पुरवण्याचे काम लाकडाच्या घनमीटरांत कुठेच उमटत नाही. परिसंस्थेच्या हिशोबात मात्र पाण्याच्या प्रवाहाचे नियमन या नावाने त्याची स्वतंत्र नोंद होते.

माझ्या मते प्रकृतीचे खाते सर्वांत मोलाचे आहे, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच सर्वांत जास्त होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र दहा टक्के वा त्याहून अधिक असेल, तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची आणि झाड कोणते, हे पाहिले जात नाही. म्हणून काजूची दाट बाग, अकेशियाची लागवड आणि खानापुरातल्याच भीमगड अभयारण्याचे जुने जंगल हे सगळे एकाच बेरजेत जाऊ शकतात. जुने जंगल तोडून तिथे अकेशिया लावला आणि तो भराभर वाढला, तर वनाच्छादन तेवढेच राहील आणि काही वर्षांत लाकडाचा साठाही भरून निघाल्यासारखा दिसेल. साठ्याचा हिशोब नैसर्गिक आणि लागवडीचे लाकूड वेगळे दाखवतो हे खरे, पण त्या जागी जाती किती उरल्या, जमिनीवर पाचोळ्याचा थर आहे की नाही, हे तो विचारतच नाही. शेताच्या उताऱ्यावर एकर-गुंठे असतात, जमिनीचा कस माती परीक्षणाच्या कागदावर असतो. पहिला कागद दाखवून दुसऱ्याचे काम भागत नाही, तसेच हे आहे.

पैशांत मोल काढताना हे हिशोब आणखी गुंततात. लाकडाच्या किंवा बॉक्साइटच्या साठ्याचे मोल म्हणजे पुढे मिळणाऱ्या विक्रीतून काढण्याचा खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य. पाणी मुरवण्याच्या कामाला मात्र बाजारभावच नाही. त्यामुळे २०२१ मध्ये सांख्यिकी आयोगाने परिसंस्था हिशोबाच्या चौकटीची पहिली सात प्रकरणे सांख्यिकी मानक म्हणून स्वीकारली आणि मोल ठरवण्याच्या पुढच्या प्रकरणांना केवळ मान्य तत्त्वे व शिफारशी एवढाच दर्जा दिला. शिवाय जंगलाने पुरवलेल्या पाण्याचे मोल मलप्रभेच्या लाभक्षेत्रातल्या उसाच्या उत्पन्नात काही प्रमाणात आधीच आलेले असते. ते वेगळे काढून त्याच उत्पन्नावर पुन्हा चढवले, तर एकच रुपया दोनदा मोजला जातो. तीच गत लाकडाची: जंगलाच्या एकूण मोलात लाकूड धरले असेल, तर साठ्याच्या खात्यातली लाकडाची रक्कम त्यात पुन्हा मिळवता येत नाही.

भारताचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे प्रसिद्ध करीत आहे, आणि परिसंस्था हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ब्राझील, चीन, मेक्सिको व दक्षिण आफ्रिका यांच्यासह भारत असताना पथदर्शी अभ्यासासाठी कर्नाटकाचीच निवड झाली होती. अशा अहवालातला तक्ता हाती आला, की आधी एकक पाहावे. घनमीटर किंवा टन असतील, तर बहुधा तो साठ्याचा हिशोब असतो. नुसते हेक्टर असतील, तर ते जमिनीच्या खात्यातले किंवा परिसंस्थेचे क्षेत्र झाले. त्या क्षेत्राच्या प्रकृतीचा तक्ता शेजारी आहे का, हे पाहिल्याशिवाय जंगल सुधारले की बिघडले याचा निष्कर्ष काढू नये.