नक्कल, मूळ आणि मधला क्षण : लिनक्सच्या गाभ्यातील एका दुरुस्तीची हकिकत

फोनवर ‘सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आली की आपल्यापैकी बरेच जण ती पुढे ढकलतात. त्यामागे थोडा आळस असतो आणि बराचसा गैरसमजही असतो. अपडेट म्हणजे जुना फोन मंद करून नवा घ्यायला लावण्याची युक्ती, हा त्यातला सर्वांत लोकप्रिय समज. दुसरा समज जाणकार म्हणवणाऱ्यांतही आढळतो. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेल्या यंत्रणांना असल्या दुरुस्त्यांची फारशी गरजच नसते, कारण लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेल्या मूळ ओळी, जगभरातले हजारो प्रोग्रामर वाचत असतात, असे ही मंडळी सांगतात. या दोन्ही समजांना उत्तर देणारा एक दोष २०१६ साली उघडकीस आला. सीव्हीई-२०१६-५१९५ हा त्याचा अधिकृत क्रमांक आणि ‘डर्टी काऊ’ हे प्रचारातले नाव. निदान २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यात, कोणालाही वाचता येईल अशा कोडमध्ये, नऊ वर्षे पडून होता. आणि तो दूर करायला पंधराएक ओळींचा बदल पुरला. त्या ओळी नेमके काय करतात हे समजून घेण्यासारखे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. संगणकाची मेमरी, डिस्क, नेटवर्क या कशालाही साधा प्रोग्राम थेट हात लावू शकत नाही. त्याला कर्नलकडे विनंती करावी लागते आणि कर्नल त्याचा अधिकार तपासून ती मान्य किंवा अमान्य करतो. अँड्रॉइड फोनमध्येही हाच लिनक्स कर्नल असतो. साध्या प्रोग्राममध्ये चूक असेल तर बहुतेक वेळा त्या प्रोग्रामपुरते नुकसान होते. कर्नलमधली चूक मात्र अधिकार तपासणाऱ्याचीच चूक असते, आणि तिचा फायदा घेणाऱ्याला अडवण्यासाठी त्याच्यावर दुसरा कोणी नसतो.

कर्नल मेमरीचे व्यवहार पानांच्या हिशेबाने करतो. सामान्यतः एक पान ४०९६ बाइटचे असते. प्रत्येक चालू प्रोग्रामसाठी एक तक्ता ठेवलेला असतो, आणि त्या तक्त्यातली प्रत्येक नोंद सांगते की प्रोग्रामला दिसणारे अमुक पान प्रत्यक्ष मेमरीत कोठे आहे. नोंदीत काही खुणाही असतात : पान सध्या हजर आहे का, त्यावर लिहिण्याची परवानगी आहे का, आणि त्यावर काही लिहिले गेले आहे का. या शेवटच्या खुणेला ‘डर्टी बिट’ म्हणतात, आणि दोषाच्या नावातला पहिला शब्द तिच्यावरून आला आहे. ‘काऊ’चा संबंध गायीशी नाही, ‘कॉपी ऑन राइट’ या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

‘कॉपी ऑन राइट’ म्हणजे लिहायची वेळ येईल तेव्हाच नक्कल करणे. एकच फाइल दहा प्रोग्राम वाचत असतील तर तिच्या दहा प्रती मेमरीत ठेवणे उधळपट्टीचे होईल. म्हणून कर्नल एकच मूळ पान सर्वांना दाखवतो, आणि त्यांपैकी एखाद्याला आपल्यापुरता बदल करायचा असेल तर त्या क्षणी त्याच्यासाठी वेगळी, खासगी नक्कल करून देतो. बदल नकलेवर होतो, मूळ पान जसेच्या तसे राहते. तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात हीच रीत असते. मूळ दस्त कपाटात राहतो, तो कोणीही पाहू शकतो. कागदावर खुणा करायच्या असतील तर नक्कल घ्यावी लागते. पुढची गुंतागुंत समजण्यासाठी हा अभिलेख कक्ष आपण डोळ्यांसमोर ठेवू.

एखाद्या प्रोग्रामने केवळ वाचण्याची परवानगी असलेली फाइल मेमरीत खासगी स्वरूपात उघडली आणि नंतर आपल्याच मेमरीत ‘/प्रोक/सेल्फ/मेम’ या खास मार्गाने लिहिण्याची विनंती केली, तर कर्नल ती मान्य करतो. हे विचित्र वाटेल, पण त्याला सबळ कारण आहे. प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या डीबगर नावाच्या साधनाला, तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या ‘फक्त वाचण्यासाठी’ असलेल्या भागातही थांब्याच्या खुणा घालाव्या लागतात. अट एवढीच की हे लेखन नकलेवरच व्हायला हवे. ते कोणत्या पानावर होणार हे ठरवणारे कर्नलमधले फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आपले काम एका दमात करत नाही. ते फेऱ्या घालते. प्रत्येक फेरीत ते तक्त्यातली नोंद पाहते, ती मनाजोगी नसेल तर दुरुस्त करवते आणि पुन्हा पाहायला येते.

पहिल्या फेरीत त्याला दिसते की पान हजरच नाही. विनंती लिहिण्याची असल्यामुळे मूळ पानाची नक्कल तयार होते आणि तक्त्यात तिची नोंद होते. दुसऱ्या फेरीत नक्कल हजर असते, पण फाइलचा तो भाग मुळात ‘फक्त वाचण्यासाठी’ असल्यामुळे नोंदीत लिहिण्याची परवानगी नसते. ही अडचण कायमची आहे. कितीही फेऱ्या घातल्या तरी ती परवानगी मिळणार नाही. तेव्हा कर्नल असा विचार करतो : नक्कल तर झालीच आहे, आता मुळाला धोका नाही, मग परवानगीचा आग्रह कशाला? असे म्हणून तो विनंतीवरची ‘लिहायचे आहे’ ही खूण पुसून टाकतो, म्हणजे पुढच्या फेरीत ही विनंती साध्या वाचनाची असल्यासारखी पुढे जाईल. तिसऱ्या फेरीत त्याला नक्कल सापडते, ती लेखन करणाऱ्या भागाच्या हवाली होते आणि काम संपते.

सगळा दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या क्षणात दडलेला होता. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात आणि एकाच प्रोग्रामचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, खरोखरच एकाच वेळी चालू शकतात. एक थ्रेड वरील विनंती पुन्हा पुन्हा करत असताना दुसरा थ्रेड कर्नलला सतत सांगत राहू शकतो की ‘मला या पानाची आता गरज नाही, टाकून दिले तरी चालेल’. मेमरी मोकळी करण्यासाठी दिलेली ती पूर्णपणे कायदेशीर सोय आहे. तिचा परिणाम म्हणून खासगी नक्कल फेकून दिली जाते. हे नेमके त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये घडले, तर तिसऱ्या फेरीत कर्नलला पान पुन्हा गैरहजर दिसते. ते हजर करणे भाग असते. परंतु विनंतीवरची ‘लिहायचे आहे’ ही खूण आता उरलेली नाही, आणि वाचणाऱ्यासाठी नक्कल करण्याचे कारण नसते. म्हणून कर्नल मूळ पान आणून ठेवतो. चौथ्या फेरीत ते हजर दिसते आणि तेच लेखनासाठी हवाली केले जाते.

अभिलेख कक्षाच्या भाषेत सांगायचे, तर कारकुनाने नक्कल काढली, चिठ्ठीवरचा ‘लिहिण्यासाठी’ हा शब्द खोडला आणि तो नक्कल आणायला वळला. तेवढ्यात अर्जदाराच्या जोडीदाराने नक्कल फाडून टाकली. परत आलेल्या कारकुनाने चिठ्ठी पाहिली, तिच्यावर लिहिण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याने निःशंक मनाने कपाटातला मूळ दस्त काढून दिला, आणि अर्जदार लेखणी उघडून तयारच बसला होता. कारकुनाने एकही नियम मोडला नाही. ‘नक्कल झाली आहे’ हे एका क्षणी खरे असलेले विधान पुढच्या क्षणीही खरे असेल असे त्याने गृहीत धरले, इतकेच. अशा दोषांना ‘रेस कंडिशन’ म्हणतात, कारण तपासणी आणि कृती यांच्या मधल्या फटीत कोण आधी पोचतो याची ती शर्यत असते. एका प्रयत्नात ही शर्यत जिंकण्याची शक्यता अल्प असते, पण संगणकाला लाखो प्रयत्न करायला फार वेळ लागत नाही.

परिणाम भयंकर होता. ज्या फाइलवर लिहिण्याचा अधिकार नाही अशा कोणत्याही वाचता येणाऱ्या फाइलचे मूळ पान साध्या वापरकर्त्याला बदलता येत असे. प्रणालीतले वापरकर्ते नोंदवणारी फाइल किंवा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालणारा एखादा प्रोग्राम बदलला की संपूर्ण यंत्र हातात येई. सुरक्षा-संशोधक फिल ओएस्टर यांना हा दोष सापडला तो आपल्या सर्व्हरकडे येणाऱ्या वेब-वाहतुकीच्या नोंदी तपासताना. याचा अर्थ असा, की दुरुस्ती होण्याआधीच कोणीतरी त्याचा गैरवापर करत होते.

१३ ऑक्टोबर २०१६ या तारखेच्या दुरुस्तीसोबत लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जी टिपणी जोडली, ती प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून वाचावी अशी आहे. हा जुनाट दोष आपणच अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, दूर करण्याचा प्रयत्न केला होता आणि तो वाईट रीतीने केला होता, असे त्यांनी तीत लिहून ठेवले आहे. तो प्रयत्न पुढे मागे घ्यावा लागला, कारण आयबीएमच्या एस३९० या मोठ्या संगणकांवर तो चालत नव्हता. त्या यंत्रांत डर्टी खूण तक्त्यातल्या नोंदीत नसून प्रत्यक्ष मेमरीच्या पानाशी जोडलेली असे, त्यामुळे नोंद पाहून काही ठरवता येत नसे. कर्नलच्या ३.९ या आवृत्तीत ती अडचण दूर झाली. शिवाय जी शर्यत २००५ साली निव्वळ कागदोपत्री होती, ती मधल्या काळात कर्नलची मेमरी-व्यवस्था सुधारत गेल्यामुळे जिंकायला सोपी झाली होती.

नव्या दुरुस्तीत ‘लिहायचे आहे’ ही खूण मुळी पुसलीच जात नाही. तिच्या जोडीला ‘नक्कल करून झाली आहे’ अशी वेगळी खूण लावली जाते. परवानगी नसलेल्या पानावर लिहायचे असेल, तर नक्कल झाल्याची खूण विनंतीवर असली पाहिजे आणि त्याच वेळी तक्त्यातल्या नोंदीत डर्टी बिटही लागलेला असला पाहिजे. खासगी नकलेच्या नोंदीत तो लागलेला असतो. वाचनासाठी नुकत्याच आणलेल्या मूळ पानाच्या नोंदीत नसतो. मधल्या क्षणात नक्कल नाहीशी झाली तर दुसरी अट मोडते, आणि ‘लिहायचे आहे’ ही खूण शाबूत असल्यामुळे पुढच्या फेरीत नव्याने नक्कल होते. चिठ्ठीवरच्या जुन्या शेऱ्यावर न विसंबता कारकून आता हातातला कागदही पाहतो.

खंडेनवमीला आपल्याकडे अनेक कचेऱ्यांत संगणकाला हळद-कुंकू वाहतात. ज्या साधनावर पोट चालते त्याविषयीची ती कृतज्ञता मला समजते. परंतु सर्व्हरच्या खोलीवर लिंबू-मिरची टांगून अपडेट वर्षभर लांबणीवर टाकणे ही कृतज्ञता नव्हे, ते निखळ अज्ञान आहे. सुरक्षेची विक्री करणाऱ्यांच्या ‘अभेद्य कवच’ अशा जाहिरातीही मला त्याच जातीच्या वाटतात, कारण त्याही कार्यकारणभाव झाकून केवळ दिलासा विकतात. मुळात चूक असलेल्या ओळी बदलल्या जाईपर्यंत वरून लावलेले कोणतेही कवच पुरेसे नसते.

दुरुस्ती लिहिली जाणे आणि ती आपल्या यंत्रात पोचणे यांतही बरेच अंतर असते. मुख्य कोडमधला बदल आधी ४.८.३, ४.७.९, ४.४.२६ अशा आधीच प्रसिद्ध झालेल्या शाखांच्या नव्या आवृत्त्यांत उतरला, तेथून वेगवेगळ्या वितरणांत, म्हणजे कर्नलभोवती बांधलेल्या तयार संचांत, आणि मग सर्व्हरांत गेला. कर्नल बदलला की यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. ते टाळण्यासाठी ४.० या आवृत्तीपासून ‘लाइव्ह पॅचिंग’ची सोय आहे, तीत सदोष फंक्शनच्या आरंभीच नव्या फंक्शनकडे वळवणारी सूचना चालू यंत्रात बसवतात. फोनची वाट अधिक लांब असते, कारण तेथे चिप बनवणारे आणि फोन बनवणारे असे आणखी दोन टप्पे लागतात. अँड्रॉइडच्या डिसेंबर २०१६च्या सुरक्षा पॅचमध्ये ही दुरुस्ती समाविष्ट होती. परंतु सप्टेंबर २०१७मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने ‘झेडनियू’ या घातक प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तो हाच दोष वापरून अपडेट न झालेल्या फोनांचा ताबा घेत होता. आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा पॅचची तारीख दिलेली असते. ती एकदा जरूर पाहावी.

२०१७ सालच्याच नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीतलीच एक उणीव पुढे आली. डर्टी बिट लागला आहे म्हणजे नक्कलच आहे, हे तिचे गृहीतक २ मेगाबाइटच्या मोठ्या पानांच्या बाबतीत खरे ठरत नव्हते, कारण तेथे एक फंक्शन केवळ वाचन होत असतानाही ती खूण लावून टाकत असे. नुकसानीचा आवाका पहिल्यापेक्षा बराच लहान होता आणि तीही चूक दुरुस्त झाली. मग २०२२ साली रेड हॅट या लिनक्स कंपनीतील डेव्हिड हिल्डनब्रँड यांनी दाखवून दिले की मेमरीतच राहणाऱ्या सामायिक फाइलींच्या बाबतीत, ५.१६ या आवृत्तीपासून, वेगळ्या वाटेने तशीच फसगत पुन्हा शक्य झाली आहे. या वेळी त्यांनी ‘नक्कल झाली आहे’ ही खूणच काढून टाकली. आता कर्नल डर्टी बिटवरून नकलेचा अंदाज बांधत नाही. हातात आलेले पान खासगी आहे का आणि ते केवळ याच प्रोग्रामच्या मालकीचे आहे का, हे तो त्या पानाच्याच नोंदीत, लिहिण्याच्या क्षणी पाहतो.